रिकाम्या खाटेवरचा श्वास

९ जानेवारी

दादाच्या खुर्चीत बसले आज. बसायचं नव्हतं, पण दुसरी खुर्ची डुगडुगते. मालक म्हणाले, "बस गं धाकटे, खुर्चीला काय कळतंय कोण बसलंय ते." खुर्चीला कळतं. इतक्या वर्षांत दादाच्या अंगाचा खळगा पडलाय तिच्यात, आणि मी त्यात जेमतेम अर्धी भरते.

मालक म्हणजे दादाचे कॉलेजातले मित्र. मालक नुसते म्हणायला, सकाळी झाडूही तेच मारतात. कारखाना दोन खोल्यांचा. एक लांब टेबल, एक बाकडं, जिन्याखाली खोक्यांची चळत. इथे श्वास बघणारं यंत्र बनतं. पेशंटच्या छातीला पट्टा बांधायचा, खाटेच्या कडेला डबी अडकवायची, की पडद्यावर हिरवी लाट वरखाली होत राहते. लाट बराच वेळ थांबली तर डबी बोंब मारते. डबीतला सगळा प्रोग्रॅम एकट्या दादाने लिहिला. आणि गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दादा झोपेतच गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

मी माझ्या मोठ्या कंपनीतून सुट्टी घेऊन आलेय. "त्याचं लिहिलेलं तुझ्याशिवाय कुणाला कळणार?" असं मालकांनी फोनवर विचारलं होतं. मलाही कळत नाहीये, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

११ जानेवारी

सकाळी कुलूप उघडून आत आले तर दादाचं मशीन, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, चालू. पंखा घरघरतोय, पडद्यावर ओळी सरसर वर जातायत, खोलीत चिटपाखरू नाही. दारातच थांबले. मग लक्षात आलं, रोज सकाळी आपोआप बांधणी, म्हणजे लिहिलेल्या ओळींचा डबीत चढवता येईल असा प्रोग्रॅम करणं, सुरू व्हावी असं त्याने लावून ठेवलंय आणि ते कुणी बंदच केलेलं नाही. म्हणजे इतके महिने हे मशीन रोज आपलं आपण जागं होतंय, त्याचा प्रोग्रॅम बांधतंय, आणि काम संपलं की पडद्यावर लिहून दाखवतंय: "झालं. चहा घे."

बंद करायला हवं होतं. नाही केलं.

त्याची डिस्क टकटक वाजायला लागलीय. प्रोग्रॅम जगात फक्त या एकाच मशीनवर बांधला जातो, त्यामुळे ती बसली तर कारखाना बसला. नव्या मशीनवर हा सगळा संसार हलवायचा, हे माझं काम.

१४ जानेवारी

वहिनी दुपारी डबा घेऊन आली. नेमकं काय हलवायचंय, म्हणून विचारत होती. सांगितलं: डबीतली चिप इतकी लहान की तिला स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता येत नाही. म्हणून मोठ्या मशीनवर तिच्यासाठी शिजवायचं, पण तिला पचेल असं. त्यासाठी लागणारी चूल, भांडी, पळ्या म्हणजे टूलचेन. आणि लायब्ऱ्या म्हणजे आधीच कुटून ठेवलेले मसाले. फक्त मोठ्या मशीनचे मसाले वेगळे आणि चिपचे वेगळे. चुकून त्याच्यातलं याच्यात पडलं की चिपचं पोट बिघडतं.

"मग डब्यांवर नावं घालायची ना," वहिनी म्हणाली.

"घातलीयत. दोन्हीकडे तीच नावं असतात, तीच तर गंमत आहे."

"तरीच. घरीसुद्धा मीठ आणि साखर सारख्याच बरण्यांत भरून ठेवायचा. वर म्हणायचा, जागा लक्षात ठेवायची, बरणी नाही."

दोघी खूप हसलो. मग तिने डबा आवरायला घेतला.

१९ जानेवारी

नुसती मारामारी चाललीय. एक लायब्ररी सापडते तर ती दुसरी मागते, दुसरी मिळाली तर म्हणते ही माझ्या काळातली नाही, जुनी आण. काल तर नव्या मशीनने गुपचूप स्वतःच्याच लायब्ऱ्या उचलल्या. वरवर सगळं ठीक दिसलं, आणि चिपवर चढवल्याबरोबर डबी मुकी.

दादाच्या फायलींत जागोजागी त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या ओळी आहेत. "इथे हात लावू नये." "हे तात्पुरतं आहे." (सहा वर्षांपूर्वीचं.) "का चालतं माहीत नाही. चालतंय ना?" वाचताना त्याचा आवाज ऐकू येतो, चिडला की नाकातून बोलायचा तो. मी उत्तरं देते. आज जरा मोठ्याने दिली असावीत, कारण मालक दारात येऊन उभे.

"कुणाशी बोलतेस?"

"कम्पायलरशी."

"तोही बोलायचा," म्हणाले, आणि निघून गेले.

डोकं सारखं जड असतं हल्ली. दुःख वगैरे काही नाही, झोप होत नाही एवढंच.

२१ जानेवारी

झालं! शेवटी कंटाळून मी शोधाची वाटच मोकळी करून टाकली. एकेका लायब्ररीचा पत्ता देत बसण्यापेक्षा मशीनला सांगितलं, दादाच्या चिपच्या फोल्डरात आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांत बघ, नाव जुळलं की उचल. एका झटक्यात बांधणी पूर्ण. चाचण्यांचा गठ्ठा चालवला, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. दादाच्या मशीनवरही दर वेळी एकदोन लाल असायच्या. मालक एरवी वडापाव आणतात, आज आनंदाने अख्खा केकच आणला.

पट्टा स्वतःला बांधून पाहिला. जिना धावत चढून आले होते, तरी लाट किती संथ! माझा श्वास इतका शांत आहे हे बघून बरं वाटलं.

२२ जानेवारी

वहिनी आली होती. मी पट्टा बांधूनच काम करत होते. ती डबीसमोर उभी राहिली ती उभीच.

"हा श्वास कुणाचा आहे?"

"माझा. हा बघ पट्टा."

"मधे थांबतो."

"अगं, नवीन बांधणी आहे, जरा अडखळत असेल."

ती खुर्ची ओढून बसली. डबा उघडायचं विसरली. मी दोनदा हाक मारली तेव्हा दचकून म्हणाली, "काही नाही, बघत होते." थकलीय बिचारी. शाळेत परीक्षांचे पेपर तपासायचे असतात तिला.

२५ जानेवारी

दादाची डिस्क बसली. सकाळी कुलूप उघडलं तर आत शांत. ती शांतता कानात दुखत होती. मालक मशीनवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. म्हणाले, "वेळेत हलवलंस बाई." मी म्हटलं, हो.

नव्या प्रोग्रॅमच्या डब्यांची पहिली खेप मोठ्या हॉस्पिटलच्या म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात गेली, पुढच्या डब्या दुसऱ्या हॉस्पिटलांत जातील.

३ फेब्रुवारी

वहिनी आता रोज येते. शाळा सुटली की सरळ इथे. टेबलावरची एक डबी चालू असते तिच्यासमोर बसते, पेपर तपासते, मधूनच वर बघते. मी विचारलं, घरी करमत नाही का? म्हणाली, "इथे बरं वाटतं." मलाही सोबत होते. पण काल डबी बंद करायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. जोरात. मग सोडलं आणि हसली.

६ फेब्रुवारी

हॉस्पिटलातून वॉर्डाच्या मुख्य सिस्टरचा फोन.

"मॅडम, तुम्हीच का त्या श्वासाच्या डबीवाल्या? जरा येऊन जा. पेशंटला एक्स-रेला नेलंय, खाट रिकामी आहे, पट्टा उशीवर पडलाय. आणि तुमची डबी म्हणतेय माणूस गाढ झोपलाय."

मी गेले. लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंनी खाटा, फिनाइलचा वास. रिकाम्या खाटेवरची चादर अजून चुरगळलेली होती, आणि वरच्या पडद्यावर हिरवी लाट उठत होती, बसत होती. मी पट्ट्याची वायरच उपटली. लाट चालूच.

"या डबीची वायर बिघडली असेल असं वाटलं मला," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून बाकीच्या बघितल्या. या, दाखवते." त्यांनी मला खाटांमधून फिरवलं. एक आजी, एक रिटायर्ड पोस्टमन, एक जाडजूड गृहस्थ, सगळे वेगळे. लाट सगळ्यांची एकच. कुणाची पुढे, कुणाची मागे, पण तीच. चार संथ श्वास, मग उथळ, मग थांबा. लांब थांबा. आता डबी ओरडणार असं वाटावं तोच पुन्हा सुरू.

"त्या कोपऱ्यातल्या आजी परवा निळ्या पडल्या होत्या," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "डबीवर सगळं छान होतं. मी सहज पांघरूण नीट करायला गेले आणि हाताला गार लागलं. वाचल्या. पण मी पांघरूण नीट करायला गेले म्हणून वाचल्या, हे लक्षात ठेवा."

मी सगळ्या डब्या बंद करायला सांगितल्या. निघताना सिस्टरनी विचारलं, "आणि हा आहे तरी कोण? हा ज्याचा श्वास आहे त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. झोपेत असे थांबणारे पुष्कळ बघितलेत मी. एक दिवस थांबतात ते थांबतातच."

"कुणाचा नाही सिस्टर. बिघाड आहे."

"बिघाड असा दमत नाही," त्या म्हणाल्या.

६ फेब्रुवारी, नंतर

कारखान्यात आल्या आल्या बांधणी पुन्हा चालवली. या वेळी म्हटलं, गुपचूप करू नकोस, कुठली लायब्ररी कुठून उचलतोस ते बोलून दाखव. पट्ट्यातला सेन्सर वाचणारी लायब्ररी आली ती "चाचणी" नावाच्या फोल्डरातून. खरी तिच्या शेजारच्याच फोल्डरात होती, त्याच नावाची. चाचणीचं फोल्डर आधी लागलं, नाव जुळलं, उचललं. मीच तर सांगितलं होतं तसं.

चाचणीतली लायब्ररी सेन्सरकडे बघतच नाही. दर वेळी कुणी पट्टा बांधून बसायला नको म्हणून आधी नोंदवलेला एक श्वास ती पुन्हापुन्हा वाजवत राहते. म्हणून तर सगळं हिरवं होतं! खोट्या श्वासाला नापास कोण करणार? दादाच्या मशीनवर खरं फोल्डर पहिलं बघायचं, असं त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कुठेतरी असणार. मी त्याच्या फायली आणल्या. त्याच्या सवयी नाही आणल्या.

फाईलच्या माथ्यावर त्याच्या दोन ओळी आहेत.

"दुपारची झोप, बाकड्यावर. मीच."

"मधले लांब थांबे कापले, अलार्म वाजून चाचणी अडते. पट्टा सरकत असावा. बघतो नंतर."



७ फेब्रुवारी

मालकांशी भांडण. आधी म्हणाले, "केबलची खोट आहे असं कळवू आणि हळूच नव्या डब्या देऊ. हे बाहेर गेलं तर कोण आपलं यंत्र छातीला बांधून घेईल?"

"आणि डब्या बदलेपर्यंत? बाकीच्या वॉर्डांत? तिथे पांघरूण नीट करणारी सिस्टर नसली तर?"

"तुझ्या दादाचं नाव खराब होईल, धाकटे."

मी डबी चालू करून त्यांच्यापुढे ठेवली आणि हा कुणाचा श्वास आहे ते सांगितलं. सिस्टर काय म्हणाल्या तेही.

ते बघत राहिले. लाट थांबली तेव्हा त्यांचाही श्वास अडकलेला मला दिसला. मग बाकड्याकडे बघून म्हणाले, "दुपारी इथेच पडायचा. घोरता घोरता एकदम गप्प व्हायचा. आम्ही हसायचो. म्हणायचो, इंजिन बंद पडलं, धक्का मारा." त्यांनी चष्मा काढला. "धक्का मारायचो आम्ही. पायाने."

थोड्या वेळाने त्यांनी फोन उचलला. जिथे जिथे डबी गेली होती तिथे स्वतः फोन केला, स्वतःचं नाव सांगून. केबल हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. एका ठिकाणी त्यांना खूप ऐकून घ्यावं लागलं. मान खाली घालून "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते.

१२ फेब्रुवारी

शोधाची मोकळी वाट बंद केली. प्रत्येक लायब्ररीला तिचा एकच पक्का पत्ता. चाचणीच्या लायब्ररीचं नावच बदललं, आणि ते नाव हॉस्पिटलात जाणाऱ्या बांधणीत कुठेही दिसलं तर बांधणी तिथेच अडावी अशी सोय केली. शेवटची चाचणी आता हातांनी: पट्टा काढायचा, आणि डबी ओरडली तरच पास. चाचण्यांत एकदोन लाल आल्या. खऱ्या आहेत, दुरुस्त करतेय.

सगळ्या डब्या परत आल्यात. तो मोठा वॉर्ड आता आम्हाला सोडून दुसऱ्या कुणाकडे जाणार, असं मालक म्हणाले. सिस्टरनी निरोप दिलाय की आजी घरी गेल्या.

वहिनीला सांगायचं राहिलंय. या दिवसांत ती आली की मी डब्या उलट्या करून ठेवते. काल म्हणाली, "बंद का केल्यास?" मी म्हटलं, दुरुस्ती चाललीय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच नजर वळवली.

काय सांगू? की तो थांबत होता हे कळू शकलं असतं? श्वास थांबला की ओरडणारं यंत्र बनवणारा माणूस स्वतःचे थांबे कापून फेकत होता, हे? सांगून तिला काय मिळणार? आणि न सांगता मी रोज तिचा डबा कुठल्या तोंडाने खाऊ?

१५ फेब्रुवारी

सांगितलं. आज शाळेला सुट्टी होती, ती दुपारीच आली. मी घरून तयार करून आणलेली वाक्यं दुसऱ्या मिनिटाला विसरले, आणि जसं होतं तसं सांगून टाकलं.

ती शांतपणे म्हणाली, "तो आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं गं. तू पट्टा बांधून बसली होतीस तेव्हा. इतकी वर्षं शेजारी झोपले, मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू दुरुस्त केलं असतंस."

तिनेच पुढे सांगितलं. तो थांबायचा हे तिला माहीत होतं. झोपेतच कोपराने ढोसायची, की परत सुरू. लग्न झाल्यापासूनचं. "मला वाटायचं सगळेच पुरुष असे झोपतात. मी दुसऱ्या कुणाशेजारी झोपलेय कुठे?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली, आणि हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले. मी तिला धरून बसले. ती रडायला लागल्यावर मीही रडले, पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत.

नंतर तोंड धुऊन आली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "तू डॉक्टरकडे जायचंस. भाऊबहीण तुम्ही. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं म्हणतेस ना? तोही म्हणायचा. सोमवारी मी रजा काढते, दोघी जाऊ." मी हो म्हटलं. खरं तर मला हे सुचलंच नव्हतं.

मग तिने विचारलं, "कापलेलं आहे म्हणालीस. न कापलेलं आहे?"

होतं. त्याच फोल्डरात, अख्ख्या दुपारचं.

"लाव."

"वहिनी, त्यात थांबे फार लांब आहेत."

"लाव गं."

टेबलावरच्या एका डबीला ते जोडलं. दोघी बाकड्यावर बसलो. मालक आतल्या खोलीतून आले, दारालाच टेकून उभे राहिले, पुढे आले नाहीत. लाट सुरू झाली. सुरुवातीला नुसता जागा माणूस, वेडावाकडा, कूस बदलणारा. मग संथ. मग पहिला थांबा, आणि डबीने बोंब ठोकली. मी बंद करायला हात पुढे केला.

"वाजू दे," वहिनी म्हणाली.

वाजू दिलं. तो थांबायचा, डबी ओरडायची, आणि ओरडून ओरडून तिचा घसा बसेल असं वाटायला लागलं की लाट एकदम उसळायची, पाण्याखालून डोकं वर काढावं तशी. पुन्हा संथ. पुन्हा थांबा. एका थांब्याला तर तो येतच नव्हता. मी मनात म्हणत होते, ये, ये, आणि शेजारी वहिनीचं कोपर हललं. बाजूला, हवेतच. तिला कळलंही नसेल. लाट परत आली.

किती वेळ बसलो कुणास ठाऊक. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर गेला होता. मग लाट विस्कटली, दोनतीन लहान लहान श्वास, एक भलामोठा, जांभई असावी, आणि एकदम सरळ रेघ. त्याने पट्टा काढला असणार.

"उठला," वहिनी म्हणाली, आणि हात लांब करून अलार्म बंद केला.